काठावरून शिकवणाऱ्या बाई

थेरपिस्टनं बाईंच्या सुजलेल्या डाव्या पायाच्या दुसऱ्या बोटावरची कातडी चिमटीत धरून पाहिली. येईना. उजव्या पायाची लगेच आली.

"किती वर्षं झाली?"

"सहा. सगळे म्हणतात, वजन उतरवा."

"हे वजन नाही. अंगातलं पाणी वर वाहून नेणाऱ्या बारीक वाहिन्या असतात, त्या या पायात कमी पडतात. पुरती सूज जाणार नाही, पण आवरता येईल." तिनं मोजपट्टी गुंडाळली. "काम काय करता?"

"पोहायला शिकवते." बाई म्हणाल्या, "काठावरून."

सहा वर्षं त्या फुलपँट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून तलावाच्या कडेनं फिरत होत्या.

"पाण्यात नाही उतरत?"

"असला पाय घेऊन?"

"अहो, पाणी चारी बाजूंनी दाबतं. मी पट्ट्या बांधून जे करणार, तेच. आधी सूज उतरवू. मग कुठे जखम नसली की खुशाल उतरा."

बाई पर्समध्ये रुमाल शोधत राहिल्या.

महिनाभर रोज पट्ट्या झाल्या, हलक्या हातानं मालिश झालं. पाय बराच उतरला. उजव्यासारखा मात्र झाला नाही.

मग एका दुपारी, बायकांच्या वर्गाच्या वेळेला, बाईंनी कपडे बदलायच्या खोलीत पायातला घट्ट मोजा काढला. बोटांच्या बेचक्यांत भेग नाही ना, ते नीट पाहिलं. पोहण्याच्या कपड्यात त्या बाहेर आल्या तेव्हा उथळ पाण्यात काठाचा दांडा धरून उभ्या असलेल्या पाचही जणींनी तो पाय पाहिला. कुणी नजर वळवली, कुणाला वळवता आली नाही.

बाई पायऱ्या उतरू लागल्या. घोटा बुडाला, पोटरी, गुडघा. पाणी कमरेला आलं तशा त्या थांबल्या. पाय हलका झाला होता. किती दिवसांनी.

त्यांतल्या सगळ्यांत वयस्कर काकू दांडा न सोडता बाजूला सरकल्या.

"या ना," त्या म्हणाल्या. "इथं पाय टेकतो."

कुणीतरी हसलं. बाईही हसल्या. मग एकीनं विचारलं, "आज काय शिकवणार, बाई?"

बाई दुसऱ्या टोकाकडे बघत होत्या.

"तुम्ही कुणी दांडा सोडू नका," त्या म्हणाल्या. "मला जरा पलीकडच्या भिंतीला हात लावून येऊ द्या."