घट्ट झाकणाचा डबा

पहिल्यांदाच डोंगरावर मुक्कामाला जायचं, म्हणून आम्ही सरावाला हॉलमध्ये तंबू उभारला. नवरोबा आत शिरून पायाची नखं कापत बसले. एक माझ्या उशीवर उडालं. “शी! अहो, इथे झोपायचंय आपल्याला!” “मग झाड की.” डोंगरावर संडास नाही, वापरलेला कागद ज्याचा त्याने डब्यातून परत आणायचा, असं ट्रेकच्या लीडरने बजावलं होतं. यांनी स्वतःचा डबा माझ्या सॅकमध्ये कोंबला. “भरल्यावरही मीच वाहायचा?” “अगं, मला किळस येते.” बाथरूमच्या जाळीतले यांचे केस, शेंबडाचे रुमाल, कवळीची बुळबुळीत वाटी, आजवर सगळं मीच निस्तरलं. “मलाही येते,” मी म्हणाले. “तुला?” हे हसले. “तुला सवय आहे.” मी डबा यांच्या मांडीवर आपटला आणि तंबूच्या दांड्या उपसल्या. कापड यांच्यावर कोसळलं. मी लीडरला फोन लावला, “एकटीपुरता तंबू मिळेल का?”