गोठलेल्या नळाचं गाणं

"खरं संगीत कधीच मरत नाही!" निवेदकाने रेडिओवरून धीरगंभीर आवाजात जाहीर केलं, आणि लगेच त्याला उचकी लागली.

कार्यक्रम होता नाताळच्या विसरल्या गेलेल्या गाण्यांचा. समोर एक वयस्क बाई बसल्या होत्या. त्यांचे वडील नळदुरुस्ती करायचे. हयातीत त्यांनी एकच तबकडी काढली, ती ऐन नाताळात गोठून बसलेल्या नळाच्या मनधरणीची. ठेका पाइपावर पाना आपटून धरला होता. रेडिओवर ती आज पहिल्यांदाच लागणार होती.

"हसणार नाही ना, साहेब? बाबा फार लाजाळू होते हो."

"छे छे, ताई! आमचं कामच आहे ऐकायचं."

सुई टेकली. पाना ठणठणू लागला. "नळा रे नळा, उघड की गळा," बाबांनी जीव ओतून सूर लावला, आणि निवेदक फस्सकन हसला.

बाबा गायचे थांबले. पाना मात्र वाजत राहिला.

निवेदकाने घाईघाईने सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवली. ठणठण आली, गाणं आलं नाही. तबकडीत कुणीतरी अवघडून घसा खाकरत होतं.

"आता नाही गायचे ते," बाई मान खाली घालून म्हणाल्या. "चारचौघांत कोणी हसलं की असंच करायचे."

निवेदकाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "चुकलं माझं," तो माइकमध्ये पुटपुटला.

पानाही थांबला. तबकडी फिरतच होती.

"बाळ," तिच्यातून हलकेच आवाज आला, "माझी टोपी दे गं. निघू या आपण."