पंपाचं हेल्मेट

हेल्मेटशिवाय पेट्रोल द्यायचं नाही, असा हुकूम निघाल्यापासून श्रीनाथने पंपावर एक हेल्मेट खिळ्याला टांगून ठेवलं होतं. गिऱ्हाइकाने ते कॅमेऱ्यापुरतं घालायचं, टाकी भरली की परत द्यायचं. सोमवारी स्कूटीवरची एक मुलगी ते घालूनच निघाली, तेव्हा तो रस्त्यापर्यंत मागे धावला.

"बेटा, आमचं हेल्मेट तर देऊन जा!"

"सॉरी हं, काका!" तिने हसत काढून दिलं.

गुरुवारी तिचे वडील आले.

"टावर चौकात बसने धडक दिली. डोक्याला मार लागला, गेली आमची निहारिका. पोलिसांनी तुमच्या कॅमेऱ्यातलं दाखवलं, तिच्या डोक्यावर हेल्मेट होतं. पाच मिनिटांनी चौकात पडली, तेव्हा नव्हतं. मधे कुणी काढून घेतलं असेल हो, भाऊ?"

श्रीनाथ जरासा सरकला आणि खिळा पाठीने झाकून उभा राहिला.