वेंडेल हॉकचं मोठं मन

"दार लाव," रॉइस टॅकेट म्हणाला, तेव्हाच वेंडेल हॉकला कळलं. चांगली बातमी द्यायची असली की रॉइस दार सताड उघडं ठेवायचा.

रॉइस हा बेल्डन कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा, म्हणजे चेंडू हातात घेऊन खेळायच्या फुटबॉलचा, मुख्य कोच. त्याच्या हाताखाली वेंडेल आक्रमण सांभाळायचा. म्हणजे चेंडू आपल्याकडे असताना कुठली चाल खेळायची, हे ठरवायचा. संघ जिंकला की गावात रॉइसच्या नावाने बँड वाजायचा. हरला की लोक वेंडेलच्या नावाने बोटं मोडायचे. नेब्रास्कात ही वाटणी कुणालाच वावगी वाटत नाही.

शनिवारी संघ पुन्हा हरला होता. शेवटच्या चालीला, जिच्यापलीकडे चेंडू नेला की गुण मिळतात ती रेषा हातभर लांब होती. "बाजूला फेकू या, मध्ये त्यांची भिंत उभी आहे," असं वेंडेल कानाच्या फोनवर सांगत होता. रॉइसने त्याला मध्येच तोडलं. "मधूनच घुसवा. एवढे गडी पोसलेत कशाला?" गडी घुसले, भिंतीवर आपटले आणि एकमेकांच्या अंगावर ढीग होऊन पडले. नंतर टीव्हीवाल्यांसमोर रॉइस जड आवाजात म्हणाला, "चाली ठरवणं हे वेंडेलचं खातं. पण आम्ही एक कुटुंब आहोत. मी त्याला वाऱ्यावर सोडणार नाही."

आज सोमवार होता.

"देणगीदारांनी जीव नकोसा केलाय रे," रॉइस म्हणाला. "कुणाला तरी काढल्याशिवाय ते गप्प बसायचे नाहीत."

"ती चाल तुमची होती, कोच."

"मला माहीत नाही का? म्हणून तर जास्त वाईट वाटतंय."

त्याने उठून वेंडेलला घट्ट मिठी मारली, पाठ थोपटली आणि जाताना संघाचं जाकीट बाहेर जमा करायला सांगितलं.

घरी अंगणातल्या हिरवळीवर कुणीतरी 'घर विकणे आहे' अशी पाटी ठोकून गेलं होतं. वेंडेलची बायको मार्लिस ती वाचत उभी होती. वेंडेल ती उपटायला वाकला.

"राहू दे," ती म्हणाली. "तेवढाच आपला व्याप वाचला."

हे त्यांचं पाचवं गाव. सामानाची खोकी तळघरात घडी करून ठेवलेलीच होती. त्यांची मुलगी ज्यूनी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. स्टेडियमवर बापाच्या नावाने चाललेला शिमगा तिने आपल्या कानांनी ऐकला होता. चार दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. मग एकदा जेवताना म्हणाली, "बाबा, चाल कुणाची होती ते तुम्ही लोकांना सांगत का नाही?"

"सांगितलं तर पुढची नोकरी कोण देईल?" वेंडेल म्हणाला आणि मक्याचं कणीस कुरतडत राहिला. ज्यूनी ताटावरून उठून गेली.

वेंडेल गेला तरी बेल्डन हरायचं थांबलं नाही. मोसम संपल्यावर कॉलेजने रॉइसच्याही हातात नारळ दिला. तो ओमाहात गवत कापायची यंत्रं विकायला लागला.

वेंडेलला कॅन्ससमधल्या एका लहानशा कॉलेजात आसरा मिळाला. तिथे टेडी ब्रँडव्होल्ड नावाचा तरुण मदतनीस त्याच्या हाताशी आला. टेडी गरीब स्वभावाचा, पण चालीत डोकं असं चालायचं की समोरचा संघ गरगरायचा. वेंडेलची पाठ धरली तेव्हा तो हातातलं काम टाकून रोज त्याला गाडीने मैदानावर न्यायचा. दोघांनी मिळून त्या कॉलेजला असे विजय मिळवून दिले की आयोवातल्या ऑर्डवे विद्यापीठाने वेंडेलला बोलावून थेट मुख्य कोच केलं.

आक्रमण टेडीच सांभाळणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. टेडीच्या बायकोने तर ऑर्डवेत घरं बघायला सुरुवात केली होती.

वेंडेलने फोन लावला तो ओमाहाला.

"आक्रमण तुम्ही सांभाळा, कोच," तो म्हणाला. पलीकडून रॉइसचा आवाज आला, तोही फाटलेला. "वेंडेल, मी तुझ्याशी कसा वागलो ते आठवतंय ना तुला?"

"जुनं झालं ते, कोच. सामान बांधा."

रॉइस लहान मुलासारखा रडला.

ही गोष्ट आयोवाभर झाली. पेपरात दोघांचा गळ्यात गळे घातलेला फोटो आला. पाद्रीबुवांनी रविवारचं सगळं प्रवचन क्षमेवर दिलं आणि वेंडेलकडे बोट दाखवलं. बाकांवर रुमाल निघाले. चर्चच्या बायका चीज घातलेल्या बटाट्यांची भांडी घेऊन घरापर्यंत आल्या. रॉइस जो भेटेल त्याला सांगत सुटला, असा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. टेडीने मात्र फोनवर नुसतं अभिनंदन केलं आणि काही न विचारता ठेवून दिला.

बायका गेल्यावर मार्लिस भांडी आवरत होती. इतक्या वर्षांत नवऱ्याचा तिला पहिल्यांदाच अभिमान वाटला होता. तरी एक गोष्ट मनातून जात नव्हती.

"रॉइसला माफ केलंस, फार चांगलं केलंस," ती म्हणाली. "पण टेडीचं काय? तो पोरगा तुझ्यावर जीव टाकतो."

"म्हणूनच," वेंडेल बटाटे वाढून घेत म्हणाला. "चार सामने हरलो की कुणाला तरी काढावं लागणार. टेडीला काढायचं माझ्या जिवावर आलं असतं."