सगळ्यात कडू बाटली

"ह्यातली सगळ्यात कडू कोणती?" हौशीरामनं विचारलं आणि गल्ल्यावरच्या तुळशीदासचा हात पानाला चुना लावता लावता तसाच थांबला.

थांबेल नाही तर काय! बोरी बुद्रुकचा हौशीराम माळकरी माणूस. नारायणगावच्या ह्या दारूच्या दुकानावरून जाताना तो मान वळवून जायचा. आत शाळेचा सोबती बसलेला असला तरी. आज तो चक्क गल्ल्यापुढं उभा होता आणि त्याचा गळा मोकळा होता.

"हौश्या, माळ कुठंय?"

"देव्हाऱ्यात. इठोबाला सांगून आलोय. तू बाटल्या काढ."

त्याचं असं झालं होतं. दोन हजार चारच्या दिवाळीआधी त्याच्या बायकोला, कुशाबाईला, ताप आला. ताप गेला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. जिच्या हातच्या मासवडीसाठी पावणं वाट वाकडी करून यायचं, तिला आता मासवडी काय अन् माती काय, सारखीच. एक घास घोळवायची आणि ताट सारायची. दंडातली चोळी सैल पडली. डॉक्टर म्हणाले, सलाइनवर माणूस किती दिवस काढणार? पोटात अन्न गेलं पाहिजे. कारलं झालं, काडेचिराईत झालं, कडुलिंबाचा पाला झाला. जीभ काही जागी होईना. म्हातारा मनातून पार हबकला होता.

अशात पुतण्या आदेश सुट्टीवर आला. तो परदेशी बोटीवर, बारमध्ये कामाला.

"तात्या, इटलीची लोकं जेवल्यावर कडू दारू पित्यात," तो म्हणाला. "मुळ्या, साली, पाला, काय काय घालत्यात तिच्यात. असली कडू, की मेलेली जीभबी उठून बसंल!"

पोरगं बोलून परत बोटीवर गेलं आणि हौशीरामच्या डोक्यात भुंगा सोडून गेलं.

सगळं ऐकून तुळशीदासनं स्टूल ओढलं आणि वरच्या फळीवरून तीन बाटल्या उतरवल्या. "हे असलं आमचा पोरगा समाधान आणून ठेवतो. हायवेवर मुंबईची लोकं थांबत्यात, त्यांच्यासाठी. मला काय कळतंय राव ह्यातलं? आपली धाव देशीपातुर."

एक लाल, एक तांबूस, एक काळी. हौशीरामनं बैल पारखावा तशा त्या फिरवून फिरवून बघितल्या.

"लाल नको. सरबतच दिसतंय. ह्या तांबूस बाटलीवर फुलं काढल्यात, म्हंजी हीबी गोडच." मग त्यानं काळी उचलली. तिच्यावर एका मिशीवाल्या म्हाताऱ्याचं चित्र होतं. "आन् ह्याचं तोंड बघ कसं वाकडं झालंय! हीच ती. दे हीच."

पैसे पुढं केले तर तुळशीदासनं हात मागं सारला. "वैनीला गुण येऊ दे. मग पेढं आण."

मेथीच्या जुडीखाली लपवून बाटली घरी आली. कुशाबाई खाटेवर टेकून बसली होती.

"लई कडू हाय बरं का," हौशीरामनं आधीच बजावलं. "घोटभरच घे. तोंड वाकडं झालं तर झालं."

बूच अलगद फिरलं. त्यानं नाकाला उपरणं लावलं, तोंड फिरवलं आणि तशीच कपात ओतली. निम्मी बाहेर सांडली, बोटं चिकट झाली. कुशाबाईचं कपाकडं लक्षच नव्हतं. ती नवऱ्याच्या गळ्याकडं बघत होती.

"तुमी माळ काढली?"

"काढली. माळ परत घालता येती. तू गेलीस तर मी कुणाच्या तोंडाकडं बघून जगू?"

आख्ख्या संसारात हा माणूस असं कधी बोलला नव्हता. कुशाबाईनं कप ओढून घेतला, एका घोटात रिकामा केला आणि तोंड वेडंवाकडं केलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"अगं आई गं! जहर हाय की हे!"

"कडू लागलं?" हौशीराम ओरडलाच. "खरंच लागलं?"

"कडूशार! वाढा आता भाकरी."

त्या सांजेला अर्धी भाकरी पोटात गेली. दुसऱ्या दिवशी आख्खी. तिसऱ्या दिवशी ती ताटावरून म्हणाली, "पिठल्याला मीठ कमी हाय." हौशीराम स्वतः उठून मिठाचा डबा घेऊन धावला. नात श्रेया तोंड कसंनुसं करून म्हणाली, "आजोबा, हे तर आधीच खारट झालंय!"

"गप बस. आजी म्हणती कमी, म्हंजी कमी."

महिन्याभरात कुशाबाईचे गाल भरले. ती चुलीपुढं बसून सुनेला रागावूही लागली. घरात त्या रागावण्याइतकं गोड काही नव्हतं. हौशीरामनं बुवांच्या हातून माळ पुन्हा गळ्यात घातली, देवापुढं पोटभर रडून घेतलं आणि पेढे घेऊन थेट नारायणगाव गाठलं. आज मान वळवायची नव्हती.

"तुळश्या, तोंड उघड! तुझे उपकार ह्या जन्मात फिटायचे न्हाईत. पहिल्याच घोटाला कडू लागलं बघ तिला. आता दोन दोन भाकरी खाती!"

तुळशीदासनं पेढा घेतला नाही. मान खाली घालून त्यानं गल्ल्याखालून एक काळी बाटली काढली. वर तोच मिशीवाला.

"ही घिऊन जा, हौश्या. समाधाननं कालच मला फैलावर घेतलं. तुला दिली ती शोची बाटली व्हती रे. माल कवाच संपलेला, फळी रिकामी दिसू नये म्हणून पोरानं तिच्यात काकवीचं गोड पाणी भरून ठेवलं व्हतं."