थॉमसबाबांची कबर

कृपादानाचं लग्न झालं त्या साली, म्हणजे सेहेचाळीसला, फादर दोन गडी आणि कुदळी घेऊन प्रवरेतल्या बेटावर उतरले.

"थॉमसबाबांची हाडं नगरला नेऊ," ते म्हणाले. "मोठ्या देवळात वेदीखाली ठेवू."

लग्नातल्या कोटात कृपादानाला घाम फुटला. थॉमसबाबा त्यानंच जन्माला घातले होते.

मारियामातेच्या सणाला तो यात्रेकरूंना गुळाच्या काहिलीत बसवून, ती नावेसारखी वल्हवत बेटावरच्या जुन्या देवळात आणी. एकदा भिंगारच्या एका बाईनं भिंतीलगतचा दगडांचा ढीग पाहून विचारलं, "ही कबर कुणाची?" माहीत नाही म्हणायला त्याची जीभ वळेना. त्यानं तिथल्या तिथे थॉमसबाबा उभे केले. पुढच्या सणाला बाबा पुरातून चालत आले. त्याच्या पुढच्या सणाला सुसरीवर बसून आले. लोक तिथली माती तापावर नेऊ लागले. स्वतःला ताप आला तेव्हा कृपादानानंही चिमूटभर कपाळाला लावली. सणाची पहिली मेणबत्ती मात्र त्याची आई मरिया लावायची. निदान घरातलं एक माणूस आपली गोष्ट खरी मानतं, याचा त्याला केवढा अभिमान.

आता ढिगाखाली काही निघणार नव्हतं. मग यात्रा बंद, काहील बंद, आणि नवा सासरा तर बघायला पलीकडच्या काठावर उभाच होता.

गड्यानं कुदळ उचलली, तशी मरिया ढिगावर जाऊन बसली.

"खोदायचं न्हाई, फादर."

"मरियाबाई, संताची हाडं आहेत."

"असू द्या. हिथंच राहतील."

ती उठेना. उन्हं कलली तेव्हा, अशी भक्ती पाहिली नाही म्हणत फादर परत गेले.

कृपादान हसत सुटला. "आये, वाचवलंस मला. अगं, खाली एक हाडूक न्हाई."

"हायती की," मरिया हाताची माती पुसत म्हणाली. "लई बारकी हायती. तू व्हायच्या आदीची. मानमोडीच्या तापात खड्डा खनायला मानूस मिळंना. तुज्या बापानं ह्याच काहिलीतनं तिला हिथं आनलं."

त्याचं हसू तोंडातच राहिलं. "मग इतकी वर्सं बोलली का न्हाईस?"

"तू सुसर घालून का हुईना, लोकास्नी दिवे लावायला आनत हुतास. मी कशाला मोडता घालू?"

कृपादानाची बहीण दीना १९१८ च्या ऑक्टोबरात वारली. ती तीन महिन्यांची होती.