मापाची गाडी

मालन मोठ्या गाडीच्या साट्यात चढली आणि तट्ट्याच्या छपराखाली सरळ आडवी झाली. पाय पूर्ण ताणले तरी पावलांपुढे वीतभर फळी उरली.

"बा, बघ! अख्खी मावली मी."

त्र्यंबक सुतार हसला. कल्याणच्या बंदराकडे जाणाऱ्या वाटेवर त्याचं अंगण होतं आणि त्यात तीन नव्या गाड्या उभ्या होत्या: दोन मोठ्या, कडेला एक धाकटी. मालननं दोन्ही मोठ्यांची चाकं हलवून पाहिली होती, आस ठोकून कान लावला होता. काळुराम, तिचा बाप, चिंचेखाली बसून होता.

काळुराम बुटका. मालननं उंची आईची घेतलेली. चौदाव्या वर्षी नवरा गेला आणि ती शहाडला बापाकडे परत आली. त्याच सालात एकदा काळुरामला वाटेत ताप भरला, तेव्हा तिनं कासरा हातात घेतला. तो सहा वर्षं तिच्याच हातात राहिला. बंदरावर मीठ भरायचं, मुरबाडला न्यायचं, कधी पार शहापूरच्या पुढं, घाटाच्या पायथ्यापर्यंत. आठ-आठ दिवस वाटेवर. ओढ्याकाठी तीन दगड मांडून भात शिजवायचा, आणि दव पडायला लागलं की गाडीत अंग चोरून झोपायचं. लोक आधी बोलले, मग बोलायचे थांबले.

जुनी गाडी काळुरामच्या मापाची होती. मालनचे गुडघे छातीशी यायचे आणि दर खड्ड्याला छप्पर डोक्यात बसायचं. गेल्या महिन्यात त्या गाडीची आस मोडली, तेव्हा वाटेतच काळुराम म्हणाला होता, "आता तुझ्या मापाची घेऊ."

"त्र्यंबककाका, छपराची कमान चार बोटं वर घ्या," मालन साट्यात उठून बसली. "बैल चढाला लागले की मना उठून हाकावं लागतं."

"घेतो की. बस नीट." त्र्यंबकनं दोरी काढली. एक टोक फळीला लावलं, दुसरं तिच्या डोक्यापर्यंत नेलं. "बापरे! पोरी, तुझ्यासाठी बांबू लांब लागणार."

"ती नको," काळुराम म्हणाला. "ती कडेची धाकटी दे."

"अरे, त्यात ही मावायची नाही."

"मावायचं मना हाय."

त्र्यंबकचा दोरी धरलेला हात तसाच राहिला. त्यानं काळुरामकडे पाहिलं, मग मालनकडे. दोरी बोटांना गुंडाळत तो म्हणाला, "मी जरा पाणी पिऊन येतो," आणि आत गेला.

मालन खाली उतरली. बापासमोर उभी राहिली.

"कवा ठरवलंस?"

"परवा. तुझा पाट लावायचा, दुसरं घर करायचं. बायको वारलेला माणूस हाय, दोन लेकरं हायत. भला वाटला."

"मना इचारलं नायस."

"इचारलं असतं तर नाय बोलली असतीस."

"हां. नाय बोलली असती."

काळुरामनं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "गेल्या बाजाराला रानात दोघा गड्यांनी गाडी अडवली. तू उतरलीस, त्यांच्या अंगावर गेलीस. मी काठी धरून वर बसलेलो. उतरलो नाय, कारण पाय थरथरत व्हते माझे. तुला दिसलं नसंल."

तिला दिसलं होतं.

"पळाले ना ते?" ती म्हणाली.

"त्या दिशी पळाले. मी नसलो की? मग रानात कोण तुझं?"

मालनला पुष्कळ बोलायचं होतं. पण बाप वर बघत नव्हता. त्याची मान आणि मानेवरचे पांढरे केस तेवढे तिला दिसत होते. ती वळली आणि धाकट्या गाडीकडे गेली. दांडी उचलून तिनं वजन बघितलं, खाली वाकून आस तपासली, चाकाला धरून गदागदा हलवलं.

"डावं चाक ढिलं हाय," ती तिकडूनच म्हणाली. "त्याची लोखंडी धाव नीट बसवून घे. नायतर मुरबाडला पोचायचा नायस."

"घेतो."

"नि मीठ कमी भरत जा. ही तेवढा भार नाय ओढायची."

"बरं."

ती चाकाला टेकून उभी राहिली. मग तिनं विचारलं, "गाव कुठलं?"

"पाणजू."

कल्याणपासून घाटापर्यंतच्या वाटेवरचं प्रत्येक गाव, तिथली विहीर, बैल सोडायची जागा तिला ठाऊक होती. हे नाव तिनं ऐकलं नव्हतं.

"कुठल्या वाटंवर येतं? भिवंडीच्या?"

काळुराम चिंचेखालून उठला. "वाटंवर नाय. खाडीतलं गाव हाय. चारी बाजूंनी पाणी. होडीनं जायचं."

"तिथं गाडी नाय कोणाची?"

"नाय."

मालन चाकापासून बाजूला झाली.

"मग तू मना भेटाया कसा येशील?"

"काठावर गाडी सोडीन," काळुराम म्हणाला. "हाक मारीन."

"ऐकू जाते पल्याड?"

काळुरामनं हे पाणजूच्या लोकांना विचारलं नव्हतं.